झाड खाणाऱ्यांच्या पोटातले बिऱ्हाड



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, ते सर आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवत राहिले. त्यांची एक शिस्त होती. कीटक समोर आला की त्याचे नाव विचारण्याआधी तो काय खातो हे विचारायचे. नाव पुस्तकात सापडते, खाणे मात्र रानात जाऊन पाहावे लागते, असे ते म्हणत. आज त्याच शिस्तीने झाडांवर जगणाऱ्या कीटकांच्या पोटात डोकावायचे आहे.

‘कीड झाड खाते’ असे आपण सरसकट म्हणतो. पण झाड हे काही एकच अन्न नव्हे. कोणी लाकूड खातो, कोणी सालीखालचा रस ओढतो, कोणी पाने, कोणी बी. ह्या चार ताटांत वाढलेले अगदी निरनिराळे असते. कीटकाने कोणते ताट निवडले यावर त्याच्या पोटात कोणाला थारा मिळणार हे ठरते, असे माझे म्हणणे आहे. पोटातल्या जिवाणूंविषयी हल्ली इतके लिहिले-बोलले जाते, की सगळ्या जीवमात्रांचा कारभार तेच पाहतात असे वाटावे. तसे नाही. काही कीटक त्यांच्यावाचून मरतात आणि काहींचे त्यांच्यावाचून काहीही अडत नाही. हा फरक का पडतो, ते समजून घेण्यासारखे आहे.

लाकडापासून सुरुवात करू. वाळलेल्या लाकडाच्या वजनात ४० ते ५० टक्के सेल्युलोज असते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब साखळी. ज्वारीच्या पिठातल्या स्टार्चमध्येही ग्लुकोजच असते, फक्त सांधे वेगळ्या पद्धतीने जुळलेले असतात. त्या सांध्यांच्या फरकामुळे भाकरी आपल्याला पचते आणि ती भाकरी भाजणारे सरपण पचत नाही. शिवाय ह्या साखळ्या लिग्निन नावाच्या चिवट पदार्थात रुतलेल्या असतात. लिग्निनची रचना इतकी वेडीवाकडी की त्याला कुठून तोडावे हेच विकरांना उमगत नाही.

तरीही लाकडाची खरी गरिबी दुसरीकडेच आहे. लाकडात नत्र जवळजवळ नसते. बहुतेक लाकडांत ते कोरड्या वजनाच्या हजारात एक भाग किंवा त्याहूनही कमी भरते. उलट कीटकाच्या कोरड्या शरीरात शंभरात दहा भागांच्या आसपास नत्र असते. लाकूड खाऊन अंग धरायचे म्हणजे लहान मुलाला नुसत्या पेजेच्या निवळीवर वाढवायचे. पोट भरेल, ऊब मिळेल, पण मांस चढायचे कशातून? पाठ्यपुस्तकांत वाळवीच्या पोटातल्या जिवांचे वर्णन ‘सेल्युलोज पचवणारे’ एवढ्यावर संपते. मला ते अपुरे वाटते. पचन हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा नत्राचा, आणि तो जास्त अवघड आहे.

आता वाळवी. वाळवीची कॉप्टोटर्मिस हाइमी नावाची जात भारतात सर्वत्र आढळते. घराच्या वाशांत असते, जिवंत झाडाच्या वाळल्या गाभ्यातही असते. तिची एक कामकरी वाळवी घ्यावी. एका चिमट्याने डोके धरावे, दुसऱ्याने शेपटाचे टोक हलकेच ओढावे. आतडे सबंध बाहेर येते. त्याचा शेवटचा भाग फुगीर आणि मातकट दिसतो. काचपट्टीवर मिठाच्या अगदी सौम्य पाण्याचा थेंब घेऊन त्यात हा फुगा टोचायचा आणि लगेच भिंगाखाली धरायचा. आतून जे बाहेर पडते त्यात रिकामी जागा सापडत नाही. लांबट, पेरूच्या आकाराचे, सर्वांगावर केसांसारखे धागे असलेले एकपेशीय जीव एकमेकांना ढकलत वळवळत असतात. काहींच्या पारदर्शक अंगात गिळलेले लाकडाचे कण स्पष्ट दिसतात. हे सगळे पटकन पाहून घ्यावे लागते, कारण हवा लागली की हे जीव थोड्याच वेळात मंदावतात आणि फुटतात. प्राणवायू त्यांना विष आहे.

हे दृश्य बारकाईने पाहून लिहिणाऱ्या पहिल्या लोकांत फिलाडेल्फियाचे जोसेफ लायडी होते. १८७७ मध्ये त्यांनी यातल्या एका जिवाला ट्रायकोनिम्फा हे नाव दिले आणि १८८१ मध्ये सविस्तर निबंध लिहिला. आपल्याकडे हे काम गोव्यातल्या एका माणसाने केले, आणि त्याचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना माहीत नसते याची मला खंत वाटते. बाणावलीत १८८७ मध्ये जन्मलेले डॉ. फ्रोइलानो द मेलो हे पणजीच्या वैद्यकीय विद्यालयात प्राध्यापक होते. मलेरिया आणि कुष्ठरोगाविरुद्धच्या कामासाठी गोवा त्यांना ओळखतो. पण ह्याच डॉक्टरांनी भारतीय वाळव्यांच्या आतड्यातल्या एकपेशीय जिवांचे वर्णन करण्यात वर्षे घातली. ज्या जातीचे आतडे आपण आत्ता उघडले, त्याच कॉप्टोटर्मिस हाइमीवर त्यांचे लेखन आहे.

लायडींच्या काळचे बहुतेक अभ्यासक ह्या जिवांना परोपजीवी समजत. आतड्यात राहतात म्हणजे फुकटे असणार, हा त्या काळचा सरळ हिशेब. तो उलटा केला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लेम्युएल क्लीव्हलँड यांनी, १९२३-२४ च्या सुमारास. त्यांनी वाळव्या ३६ अंश सेल्सिअसला एक दिवस ठेवल्या. एवढ्या उष्णतेने वाळवी मरत नाही, पोटातले एकपेशीय जीव मात्र मरतात. त्या वाळव्यांनी लाकूड पूर्वीसारखेच कुरतडले, गिळले, आणि काही आठवड्यांत भरल्या पोटी उपासमारीने मेल्या. ज्यांच्या पोटात ते जीव पुन्हा सोडले त्या जगल्या. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग जीवशास्त्रात क्वचितच पाहायला मिळतो. पुढे त्यांनी उष्णतेऐवजी दाबाखालचा प्राणवायू वापरूनही तेच दाखवले.

हे जीव जगतात कसे, हे समजायला आणखी सत्तर वर्षे लागली. वाळवीच्या आतड्याचा तो फुगीर भाग म्हणजे जेमतेम एका मिलिलिटरचा हजारावा हिस्सा. १९९५ मध्ये अँड्रियास ब्रूने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसाहून बारीक टोकाच्या विद्युतशलाका त्यात सरकवून प्राणवायू मोजला. भिंतीतून आत झिरपणारा प्राणवायू ०.१५ ते ०.२ मिलिमीटर अंतरातच संपतो. भिंतीलगत त्याच्यावर जगणारे जिवाणू दाटीने बसलेले असतात, तेच तो खाऊन टाकतात. त्यांच्या आड मधला भाग पूर्ण प्राणवायूरहित राहतो आणि तिथे प्राणवायूला भिणारी मंडळी सुखाने आंबवण्याचे काम करतात. ज्वारीच्या दाण्याहून लहान प्राण्याच्या पोटात दोन निरनिराळ्या हवामानांचे प्रदेश शेजारी शेजारी! इथे मला नेहमी थांबावेसे वाटते.

आतल्या भागात एकपेशीय जीव लाकडाचे कण फोडतात. त्यातून ॲसिटिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन निघतो. ॲसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधले आंबट. ते आतड्याच्या भिंतीतून वाळवीच्या अंगात जाते आणि तिची ऊर्जा जवळजवळ सगळी त्यावरच चालते. हायड्रोजन वाया जाऊ नये म्हणून मळसूत्रासारखे स्पायरोकीट जिवाणू तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून आणखी ॲसिटिक आम्ल करतात. प्रयोगशाळेत ते वाढवून हे सिद्ध करायला १९९९ साल उजाडले. थोडा भाग मिथेन होऊन बाहेर पडतो, आणि जगातल्या वाळव्या अफाट संख्येने आहेत, म्हणून वातावरणाच्या हिशेबात त्यांच्या मिथेनची नोंद ठेवावी लागते.

आणि नत्र? ते येते हवेतून. १९७३ मध्ये जॉन ब्रेझ्नॅक आणि सहकाऱ्यांनी वाळवीच्या पोटात हवेतले नत्र बांधले जाते हे दाखवले. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींत जे घडते तेच इथे आतड्यात घडत होते. शिवाय वाळवीच्या अंगात तयार होणारे युरिक आम्ल बाहेर टाकून न देता जिवाणू ते फोडून त्यातले नत्र पुन्हा वापरात आणतात, हे १९८१ मध्ये समजले. यावर कडी केली ती २००८ मधल्या एका जपानी संशोधनाने. कॉप्टोटर्मिसच्याच फॉर्मोसानस ह्या जातीच्या पोटात एक मोठा एकपेशीय जीव असतो. त्याच्या एकेका पेशीत सुमारे एक लाख जिवाणू राहतात. त्या जिवाणूंचा जनुकसंच वाचला तेव्हा हवेतले नत्र बांधण्याची आणि त्यातून अमिनो आम्ले घडवण्याची सगळी जनुके त्यात सापडली. म्हणजे झाडाच्या आत वाळवी, वाळवीच्या आत एकपेशीय जीव, त्याच्या आत जिवाणू. लाकूड तोडणारा आणि नत्र आणणारा असे दोघे एकाच घरात राहतात. सेल्युलोज आणि नत्र हे दोन प्रश्न एकाच ठिकाणी सुटलेले इथे पाहायला मिळतात.

एक अडचण उरते. वाळवी कात टाकते तेव्हा आतड्याच्या मागच्या भागाचे अस्तरही टाकते, आणि त्याबरोबर हे सगळे बिऱ्हाड जाते. मग ते परत मिळणार कसे? वसाहतीतल्या दुसऱ्या वाळवीच्या गुदद्वाराशी तोंड लावून तिच्या आतड्यातला द्रव घ्यायचा. अंड्यातून निघालेली पिल्लेही हेच करतात. म्हणजे एकटी वाळवी जगूच शकत नाही, तिला नातेवाईक लागतातच. एकत्र राहण्याची ही सक्ती पोटातून आली असावी असे क्लीव्हलँड यांना वाटत होते. क्रिप्टोसर्कस नावाचे लाकूड खाणारे एक झुरळ आहे, ते पिल्लांसह कुजक्या ओंडक्यात कुटुंब करून राहते आणि पिल्लांना असेच पोटातले वाण देते. पुढे जनुकांच्या तुलनेतून वाळवी ही झुरळांच्याच वंशातली ठरली आणि हे क्रिप्टोसर्कस तिचे सर्वांत जवळचे भावंड निघाले. क्लीव्हलँड यांचा अंदाज किती दूरवर पोचला होता!

मात्र इथे एक दुरुस्ती सांगितलीच पाहिजे. ‘वाळवीला स्वतःला लाकूड पचतच नाही’ हे वाक्य अजूनही छापले जाते. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी वाळवीच्या स्वतःच्या जनुकांत सेल्युलोज तोडणाऱ्या विकराचे जनुक शोधून काढले. ते विकर तिच्या लाळग्रंथींत तयार होते. कामाची पहिली फोड ती स्वतः करते आणि उरलेले पोटातल्यांकडे सोपवते.

आपल्या माळरानांवर आणि जंगलांत जी मातीची उंच वारुळे दिसतात, त्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. ओडोंटोटर्मिस ओबेसस ही ती बांधणारी एक प्रमुख वाळवी. नागपंचमीला आपण ज्या वारुळाला हळदकुंकू वाहतो ते नागाने बांधलेले नसते, तो फक्त रिकाम्या घरात येऊन राहतो. ह्या वाळवीच्या पोटात ते एकपेशीय जीव नाहीतच. तिने पचनाचा मोठा भाग पोटाबाहेर काढला आहे. वारूळ फोडले तर आत राखी-तपकिरी रंगाचे, मेंदूसारख्या वळ्यांचे, हातात घेतले तर चुरणारे गोळे दिसतात. तरुण कामकरी वाळव्या पालापाचोळा आणि लाकूड खाऊन भरभर बाहेर टाकतात, त्या विष्ठेचे हे गोळे. त्यात टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढते. ती लिग्निन मोडते, लाकूड मऊ करते आणि स्वतःच्या अंगात नत्र गोळा करते. गोळ्यांवर साबुदाण्याहूनही बारीक पांढरे दाणे येतात, ते वाळव्या खातात. शेवटी जुना झालेला गोळाही म्हाताऱ्या वाळव्या खाऊन टाकतात. ह्यांच्या आतड्यात जिवाणू भरपूर आहेत, पण ते मुख्यतः बुरशीचे अंश आणि उरलेसुरले पचवतात. अन्न बदलले तसे बिऱ्हाडही बदलले.

ह्या शेतीत तणही उगवते. स्युडोझायलारिया नावाची दुसरी बुरशी संधी मिळताच गोळ्यांचा ताबा घेते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जिस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ओडोंटोटर्मिस ओबेससवर जे काम केले आहे त्यात असे दिसले, की वाळव्या आपले पीक आणि तण वासावरून ओळखतात आणि तणाचा तुकडा मातीखाली गाडून टाकतात. गोळ्यांवरचे काही जिवाणूही तणाला रोखणारी रसायने सोडतात. वाळव्या वारूळ सोडून गेल्या की थोड्याच दिवसांत हे तण काळ्या काड्यांसारखे वर येते.

पावसाळ्यात हीच पाळलेली बुरशी जमिनीवर छत्री उघडते. कोकणात तिची वाट पाहिली जाते आणि गोव्यात वारुळावरची अळमी बाजारात आली की बाकी भाज्या मागे पडतात. बटण मशरूमसारखी ती शेडमध्ये वाढवता येत नाही, तिला वाळवीच लागते. सातेरीच्या कित्येक देवळांत वारूळच देवी म्हणून पुजले जाते. ज्या लोकांनी हे दैवत मानले त्यांना आतल्या शेतीची कल्पना नसेलही, पण ह्या मातीतून अन्न येते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

नारळाच्या बागेत येऊ. बागायतदार दोन भुंग्यांना ओळखतात. गेंड्या भुंगा शेंड्यातला कोवळा कोंब पोखरतो, मग उलगडलेली झावळी कात्रीने कापल्यासारखी दिसते. त्याची अळी मात्र झाडावर नसते. ती शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या माडाच्या खोडात वाढते आणि तिच्या आतड्याच्या मागच्या कोठीत जिवाणू कुजके तंतू आंबवत असतात. दुसरा सोंड्या भुंगा. तो जास्त घातकी. त्याची मादी खोडावरच्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या आतला मऊ गाभा खात राहतात. बाहेर तपकिरी चिकट द्रव आणि चावलेले तंतू दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

सोंड्या भुंग्याच्या पोटाची गोष्ट मला फार आवडते. सोंड असलेल्या बऱ्याच भुंग्यांच्या अळ्यांत, आतड्याच्या पुढच्या भागाला चिकटून, एक खास इंद्रिय असते. त्याच्या पेशींत नार्डोनेला नावाचा जिवाणू राहतो. २०१७ मध्ये जपानी संशोधकांनी चार जातींच्या भुंग्यांतल्या नार्डोनेलाचा जनुकसंच वाचला. त्यात आपला हा माडावरचा सोंड्याही होता. ह्या जिवाणूने कोट्यवधी वर्षांत जवळजवळ सगळी जनुके टाकून दिली आहेत. जे राखले त्यात टायरोसिन हे एक अमिनो आम्ल घडवण्याची साखळी तेवढी उठून दिसते. टायरोसिन कशाला? भुंग्याचे कवच काळे आणि कठीण व्हायला तेच लागते. ह्यांतल्या एका काळ्या, दगडासारख्या टणक भुंग्यात जिवाणूंची संख्या घटवली, तर त्याची पाठ तांबूस, मऊ आणि वाकडी झाली. म्हणजे इथे जिवाणू पचनासाठी नाहीच. तो चिलखताचा एक कच्चा माल पुरवतो, बस. ‘पोटातले जिवाणू म्हणजे पचन’ हे समीकरण मनातून काढून टाकायला ह्याहून चांगले उदाहरण माझ्याकडे नाही.

आंब्याच्या भिरुडाकडेही ह्याच नजरेने पाहावे लागेल. लांब मिशांच्या भुंगेऱ्याची ही अळी खोडात बोगदे करते आणि भोकातून भुसा बाहेर ढकलते. तिच्या कुळातल्या एका आशियाई भुंगेऱ्याचा जनुकसंच २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चीनमधून लाकडी खोक्यांतून तो अमेरिकेत पोचला आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सापडला, तेव्हापासून त्याचा कसून अभ्यास झाला आहे. झाडाची पेशीभित्तिका तोडणारी अनेक विकरे हा भुंगेरा स्वतःच बनवतो. पण त्यातली काही जनुके मुळात कीटकांची नाहीतच. ती फार पूर्वी जिवाणू आणि बुरशीकडून ह्या भुंगेऱ्यांच्या पूर्वजांत आली आणि तिथेच रुजली. तरी नत्रासाठी त्याला अजून पोटातल्या जिवाणूंचा हातभार लागतोच. तोडण्याची विद्या वंशात आली, नत्राची अजून शेजाऱ्यांकडे आहे.

रस ओढणाऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे सोबती आतड्यात नसून अंगातल्या खास पेशींत राहतात. आंब्याला मोहोर आला की तुडतुडे येतात, पानांवर चिकटा पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. हा चिकटा म्हणजे तुडतुड्याने न वापरलेली साखर. झाडाच्या रसात साखर उदंड आणि अमिनो आम्ले अगदी थोडी, म्हणून त्याला रस खूप ओढावा लागतो आणि साखर टाकून द्यावी लागते. उणी अमिनो आम्ले जिवाणू घडवतात. तुडतुडे आणि सिकाडा यांच्या पूर्वजांत शिरलेला सल्सिया नावाचा जिवाणू २६ कोटींहून अधिक वर्षे आईकडून अंड्यात, अंड्यातून पुढच्या पिढीत जात आला आहे.

आता पान. इथे माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मेळघाटात किंवा चंद्रपूरच्या सागवनात गेलात तर झाडावर उभीच्या उभी जाळी दिसेल. पानाचा हिरवा गर गेलेला, शिरांचे जाळे तेवढे शाबूत, आणि उन्हाकडे धरले तर त्यातून समोरचा माणूस दिसतो. सागाच्या पानांची चाळण करणाऱ्या अळीचे हे काम. एवढी भूक असलेल्या प्राण्याच्या पोटात जिवाणूंचा केवढा बाजार भरलेला असेल, असे कोणालाही वाटेल. २०१७ मध्ये टोबिन हॅमर आणि सहकाऱ्यांनी रानातल्या १२४ जातींच्या अळ्यांची पोटे तपासली. जिवाणू अत्यल्प, आणि जे होते ते बहुतेक पानावरून आत गेलेले वाटसरू. तंबाखूच्या कुळातल्या झाडांवर जगणाऱ्या एका मोठ्या अळीला प्रतिजैविके खाऊ घालून त्यांनी तेही मारले. अळीच्या वाढीत काही फरक पडला नाही.

कारण ताटातच आहे. पानात नत्र लाकडाच्या कितीतरी पट असते. अळी पानाचा रस आणि पेशींतला गर तेवढा घेते, सेल्युलोजच्या नादी लागत नाही. खाल्लेले काही तासांत बाहेर पडते, म्हणून तिच्याखाली लेंड्यांचा सडा असतो. त्यात तिच्या आतड्यातला रस साबणाच्या पाण्यासारखा अल्कधर्मी, पुष्कळदा सामू दहाच्या वर. तिथे मुक्काम ठोकणे जिवाणूंना जड जाते. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवणारे लोक ह्याची दुसरी बाजू जाणतात. अळीच्या पोटात जिवाणू माजले की ती मऊ पडते, काळवंडते, लोंबकळून मरते. तिच्या बाबतीत जिवाणू हा बहुधा आजारच असतो.

ह्याच मुद्द्यावर शास्त्रज्ञांत एक चांगला वाद झाला. ओकची पाने खाणाऱ्या जिप्सी पतंगाची अळी बीटी विषाने मरते ती तिच्याच पोटातल्या जिवाणूंमुळे, असे विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये मांडले. विष आतड्याला भोके पाडते आणि तिथले जिवाणू रक्तात शिरून तिला मारतात, असा तर्क. दुसऱ्यांनी दुसऱ्या अळ्यांवर पडताळा घेतला, तेव्हा जिवाणू नसतानाही अळ्या मेल्या. प्रतिजैविकाचा स्वतःचा परिणाम किती आणि जिवाणू नसल्याचा किती, हे वेगळे काढणे किती कठीण असते हे त्यातून पुढे आले. प्रतिजैविक देऊन काढलेला कोणताही निष्कर्ष वाचताना मी हा वाद आठवतो.

पण पानात किंवा बीत विष असेल तर चित्र पुन्हा पालटते. कॉफीच्या फळात शिरणारा इवलासा भुंगेरा आयुष्यभर कॅफिनमध्येच राहतो. भारतात तो १९९० मध्ये निलगिरीतल्या गुडलूरला पहिल्यांदा आढळला आणि आता दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांचे मोठे दुखणे होऊन बसला आहे. २०१५ मध्ये असे दिसले, की त्याच्या आतड्यातले जिवाणू कॅफिन मोडतात. प्रतिजैविके दिली तेव्हा त्याच्या विष्ठेतून कॅफिन जसेच्या तसे बाहेर पडू लागले आणि पिल्ले होणे जवळजवळ थांबले. त्यातला स्युडोमोनास फुल्वा नावाचा एकच जिवाणू परत दिला तर कॅफिन पुन्हा मोडू लागले, पण वंशवाढ काही पूर्ववत झाली नाही. म्हणजे बाकीच्या जिवाणूंचीही काही कामे होती. कॅनडातल्या पाइनच्या जंगलांचा लाखो हेक्टरांवर नाश करणाऱ्या साल-भुंगेऱ्याबरोबरही पाइनच्या राळेतली विषारी द्रव्ये मोडण्याची जनुके बाळगणारे जिवाणू सापडले आहेत. झाडाने अन्नात खोड घातली की कीटक सोबती शोधतो. नत्राची उणीव ही त्यातली एक खोड, विष ही दुसरी.

मग हे जिवाणू मारून कीड आवरता येईल का, असा प्रश्न बागायतदार मंडळी विचारतील, आणि तो रास्त आहे. माझे मत स्पष्ट आहे: बागेवर प्रतिजैविके फवारण्याचा मार्ग नको. खोडात हातभर आत बसलेल्या भिरुडाच्या आतड्यापर्यंत ते पोचणार नाही, पण जमिनीतल्या आणि पाण्यातल्या जिवाणूंत प्रतिकारशक्ती मात्र पेरली जाईल, आणि त्याची किंमत दवाखान्यातले रुग्ण देतील. भिरुडाला आजही तारेच्या आकड्याने अळी ओढून काढणे, भोकात औषधाचा बोळा घालून ते चिखलाने लिंपणे हेच खात्रीचे. पावसाळ्यानंतर दर आठवड्याला बागेतून फिरून खोडाच्या बुडाशी ताजा भुसा पडला आहे का हे पाहिले, तर निम्मे काम झाले.

दुसरी विनंती देवराया सांभाळणाऱ्यांना. बागेत मेलेला माड उभा ठेवू नये, त्यात गेंड्या वाढतो. पण देवराईत पडलेला ओंडका ‘साफसफाई’ म्हणून उचलून नेण्याची जी टूम निघाली आहे ती थांबवा. बोर्निओतल्या जंगलात २०१५-१६ च्या दुष्काळात संशोधकांनी काही तुकड्यांतल्या वाळव्या कमी केल्या होत्या. जिथे वाळव्या राहिल्या तिथे कोरड्या दिवसांत जमिनीत ओल जास्त टिकली आणि जास्त रोपे जगली. आणि २०२२ मध्ये जगभरातल्या १३३ ठिकाणांच्या तुलनेतून असे आढळले, की तापमान १० अंशांनी वाढले तर वाळव्यांचे लाकूड फस्त करण्याचे काम जवळपास ७ पट वेगाने होते, तर बुरशी आणि जिवाणूंचे दुपटीच्या आसपास. येत्या उष्ण दशकांत आपल्या सह्याद्रीतले मेलेले लाकूड किती वेगाने मातीत आणि किती वेगाने हवेत जाणार, हे ह्या आतड्यांवर बरेचसे अवलंबून राहील. ते मोजायचे तर ओंडके जागेवर पडलेले हवेत. प्रत्येक देवराईत चार-दोन ओंडक्यांना क्रमांक घाला, पडल्याची तारीख लिहा, दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्यांचा घेर मोजा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, टेप आणि वही लागते. गावातल्या शाळेने हे काम हाती घेतले तर मोजायची पद्धत शिकवायला मी येईन.